भिंतीपलीकडचं बिल

मी वरणाला फोडणी घातली आणि आतल्या खोलीत मशीन किंचाळली.

त्या आवाजाला आमच्या घरात सगळेच घाबरतात. मशीन म्हणजे ऑक्सिजनची मशीन. माझे सासरे हरिदास मेश्राम, आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात जन्मभर वेल्डिंगचा धूर गिळून रिटायर झाले. या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांनी काम अर्ध्यावर टाकलं. तेव्हापासून ते मशीनवर आहेत. नाकात नळी, बोटाला क्लिप. क्लिपवरचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर वाट बघत बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मशीन विजेवर चालते आणि वीज गेली की बोंब मारते.

इन्व्हर्टरने लगेच झेललं आणि मशीन पुन्हा घुमायला लागली. पण आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी आता म्हातारी झाली आहे. पंखे दोन तास ओढेल, मशीन फार तर अर्धा तास. जास्तीचा सिलिंडर असतो, तो आदल्या दिवशीच भरायला दिला होता. बरोबर तो घरात नसतानाच वीज जावी, याला काय म्हणायचं!

गॅस बंद करून मी बाहेर धावले. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळीकडे वीज होती. समोरच्या पिठाच्या चक्कीचा पट्टा फिरत होता. फक्त आमच्या दारासमोरच्या खांबाला शिडी लागलेली, आणि शिडीवर बिजली ऑफिसचा लाइनमन.

"ओ भैया! ये क्या कर रहे हो?"

"लाइन काट दिए दीदी." तो शांतपणे उतरत म्हणाला. खिशावर नाव होतं, दयाराम. "बकाया है. मार्च चल रहा है, ऊपर से आर्डर है."

"बकाया? आमचं?" मी रागाने मराठीवर आले, मग पुन्हा हिंदीवर. "भैया, हमारा बिल बँक भरती है. हर महिने. अपने आप."

मला खरंच हसू येणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! बकाया कोणाचा आहे हे मला पक्कं माहीत होतं. भिंतीपलीकडच्या घराचा.

ती भिंत आधी सांगते. एकाच प्लॉटवर मामाजींनी दोन मुलांसाठी जोडून दोन घरं बांधली. एका घरात माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ प्रल्हाद, रेल्वेत मालगाडीचे गार्ड. दुसऱ्यात आम्ही आणि मामाजी. अंगण एकच होतं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात सासूबाई गेल्या, तेव्हा भासरे मालगाडीवर कुठेतरी जंगलात होते. त्यांचा फोन लागला नाही. ऊन असं, की बर्फाची लादी डोळ्यांदेखत वितळत होती. नातेवाईक घाई करू लागले आणि माझ्या नवऱ्याने, लोकेशने, दादाची वाट न पाहता अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे भासरे आले ते थेट राखेपाशी. "तू मले आईचं तोंड पाहू देल्लं नाई," एवढंच बोलले. पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत दोघे भाऊ एका चटईवर बसले, पण बोलले नाहीत. महिन्याभरात अंगणात भिंत उभी राहिली.

मामाजींना चालता येत होतं तोवर ते बाहेर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि भासरे ड्यूटीवर जाता-येता तिथे थांबायचे. मशीन आली, खुर्ची आत गेली. भासऱ्यांनी मात्र आमचा उंबरठा ओलांडला नाही. मानी माणूस. आमचाही काही कमी नाही.

भिंत झाली, पण मीटर दोन्ही मामाजींच्याच नावावर राहिले. नाव बदलायचं म्हणजे दोघा भावांनी एका कागदावर सह्या करायच्या, आणि त्यासाठी एका टेबलाशी उभं राहायचं. ते कोण करणार? त्यामुळे मीटर वाचणारा दोन्ही बिलं, नाव एकच म्हणून, आमच्याच गेटात खोचून जातो. आपलं ठेवायचं, दुसरं दगडाला गुंडाळून भिंतीपलीकडे भिरकवायचं, अशी आमच्या घरची टपाल व्यवस्था.

मागच्या दिवाळीत लोकेशने बिल बँकेच्या ॲपवर लावलं. माझा नवरा उरल्याच्या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये आहे, शिफ्टची नोकरी. रांगेत उभं राहायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! बँक म्हणाली एकदा नंबर टाका, आम्ही दर महिन्याला बिल आणू आणि भरू. नंबर टाकला, स्क्रीनवर नाव आलं हरिदास मेश्राम, याने ओके दाबलं. तेव्हापासून दर महिन्याला मेसेज येतो, आपले बिल यशस्वीरीत्या भरले आहे.

दर महिन्याला दोन कागदही येत राहिले. एकावर बाकी शून्य. दुसऱ्यावर मागची थकबाकी, वाढत वाढत गेलेली. शून्याचा आपला, बाकीचा त्यांचा. लोकेश म्हणायचा, "पाह्य, दादा बिल बी भरून नाई राहिला." आणि दगड शोधायचा. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगू? बरं वाटायचं. मागच्या आठवड्यात एक गुलाबी कागद आला, वीज तोडण्याची नोटीस. तीही आम्ही भिरकावली, आणि त्या दिवशी जेवताना लोकेश जरा जास्तच खुशीत होता.

तर मी फोन काढून दयारामच्या नाकासमोर धरला. "ये देखो. पिछले हफ्ते का मेसेज. बिल पेड."

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मेसेजमधला नंबर वाचला, हातातल्या यादीतला वाचला, मग आमच्या मीटरचं झाकण पुसून त्यावरचा वाचला.

"दीदी, ये बीपी नंबर आपका नई है." आमच्याकडे वीजग्राहकाच्या नंबराला बीपी नंबर म्हणतात. त्याने भिंतीपलीकडच्या मीटरकडे बोट केलं. "ये तो बाजू वाले का है. आप उनका भर रहे हो. आपका तो दिवाली से नई भरा है."

दिवाळीत गेटातून जे बिल उचलून लोकेशने नंबर टाकला, ते भासऱ्यांचं होतं. आम्ही दर महिन्याला इमानदारीने त्यांचं बिल भरत होतो आणि आपलंच थकलेलं बिल, आपलीच नोटीस, दगड बांधून त्यांच्या अंगणात फेकत होतो. वर हसत होतो.

"भैया, जोड दो. अभी भरती हूं. अंदर बुजुर्ग हैं, मशीन पे हैं."

दयारामने आत डोकावून पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "मशीन है, ये तो मेरे को कोई बताया नई. पर दीदी, मैं अपने मन से जोड़ दूंगा तो मेरी नौकरी जाएगी. आप भरो, सिस्टम में चढ़ जाए, ऑफिस से मेरे को फोन आए, दो मिनट में जोड़ दूंगा. हव, मैं यहीं खड़ा हूं."

मी ओट्यावर बसले आणि बँकेचं ॲप उघडलं. माझं स्वतःचं खातं आहे, ब्लाऊज शिवून जमवलेलं. बिल पेमेंट. वीज. राज्य निवडा. बीपी नंबर टाका. नंबर कुठून टाकू? आपल्या नंबराचा एकही कागद हाताशी नव्हता, दिवाळीपासूनचे सगळे पलीकडे गेले होते! दयारामने यादीतून एकेक आकडा वाचला, मी एकेक दाबला, दोनदा वाचून घेतला. स्क्रीनवर नाव आलं हरिदास मेश्राम. त्या नावावर आता माझा काडीचा विश्वास नव्हता. मी आकडे तिसऱ्यांदा ताडून पाहिले. रक्कम दिवाळीपासूनची. भरा.

ओटीपी आला नाही. पुन्हा पाठवा. आला, तोवर वेळ संपली. पुन्हा. माझी बोटं फोडणीच्या तेलाने निसरडी झाली होती, ती पदराला पुसली. ओटीपी टाकला. स्क्रीनवरचा गोल फिरायला लागला. फिरतच राहिला.

आत मामाजी खोकले.

मग स्क्रीनवर अक्षरं आली. आपला व्यवहार प्रलंबित आहे. कृपया पुन्हा पैसे भरू नका.

खात्यातून पैसे गेले होते. बिजली ऑफिसात पोचले नव्हते. मधल्यामध्ये कुठे होते, ते बँकेला माहीत. मी कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, हिंदीसाठी तमुक दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचला ना, मेल्यांनो!

दयारामनेही साहेबांना फोन लावला. "सर मीटिंग में हैं," असं कोणीतरी सांगितलं.

लोकेशला लावला. बंद. मिलमध्ये भट्टीवर फोन नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मिलच्या हजेरीच्या टाइम ऑफिसला लावून निरोप ठेवला, घरी ताबडतोब पाठवा. सिलिंडरवाल्या विकीला लावला. तो गोल बाजारच्या गर्दीत अडकला होता. "भाभी, घंटा भर तो लगेगा." ॲम्ब्युलन्सला लावला, त्यांनी पत्ता दोनदा विचारला आणि निघतो म्हणाले. निघतो म्हणणं आणि येणं यात रेल्वेचं फाटक येतं, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे.

इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला.

मी आत गेले. मामाजींनी डोळे उघडले होते. क्लिपवर एक्क्याण्णव.

"काय झालं वं?" ते म्हणाले. एकेका शब्दाला त्यांना श्वास मोजून द्यावा लागतो.

"काही नाही मामाजी. लाइन गेली. येते आता."

"चक्की... चालू हाय."

कान तीक्ष्ण. आयुष्यभर कारखान्यात काढलेल्या माणसाला कोणतं यंत्र चालू आणि कोणतं बंद, हे काय सांगायचं? मी त्यांच्या पाठीशी उशी उभी केली, खिडकी उघडली, कपाळावरचा घाम पुसला. ओठ जरा निळसर वाटत होते. एकोणनव्वद. इन्व्हर्टरची टीं-टीं लांबली, तुटली, आणि मशीन पुन्हा किंचाळली. या वेळी झेलायला कोणी नव्हतं.

दयाराम दारात येऊन उभा राहिला होता. "दीदी, बाजू वाले के घर में तो लाइन है," तो म्हणाला. "एक तार खींच लो."

काखेत कळसा, गावाला वळसा! मी गोल बाजारापर्यंत फोन लावले, उरल्यापर्यंत लावले, आणि लाइट भिंतीच्या पलीकडे होती. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पहिल्या मिनिटाला सुचलं होतं. पण त्या दारात जाण्यापेक्षा मी बँकेच्या बाईचं गाणं ऐकत बसले. मामाजींचा श्वास चालला होता आणि मी मान सांभाळत होते.

अनवाणीच पळाले. आमच्या गेटातून बाहेर, त्यांच्या गेटातून आत. कडी वाजवली नाही, दार थोपटलं.

दार जाऊबाईंनी, ज्योतीताईंनी उघडलं. हाताला कणीक. मला पाहून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"ताई, वायर द्या. लांब वायर. आमची लाइट गेली. मामाजींची मशीन बंद पडली."

ज्योतीताई काही बोलायच्या आत मागून भासरे आले. बनियनवर होते, रात्रीची गाडी करून आलेले, डोळे लाल. मी मान खाली घातली. आता विचारतील, मला वाटलं. आमची लाइट कशी आहे आणि तुमचीच कशी गेली? बिल भरलं नव्हतं का? विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल.

त्यांनी काहीच विचारलं नाही. वळले, माळ्यावरून लग्नकार्यात वापरायची लांब वायर खाली ओढली, एक टोक स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटात घातलं, गुंडाळी खांद्यावर घेतली आणि अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीवर चढले. तिथून सरळ भिंतीवर. साठीला टेकलेला माणूस, भिंतीवरून आमच्या अंगणात उडी मारून उतरला. मी गेटातून वळसा घालून पोचेपर्यंत ते मामाजींच्या खोलीत वाकून प्लग लावत होते.

मशीन घुमली. पुन्हा थांबली. भासऱ्यांनी प्लग दाबून धरला. घुमली, आणि घुमत राहिली.

क्लिपवर त्र्याऐंशी.

आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. ज्योतीताई कणकेच्या हातांनीच आल्या होत्या. त्र्याऐंशी. त्र्याऐंशी. मी मनातल्या मनात बुद्धं सरणं गच्छामि म्हणत होते, पण पुढची ओळ आठवत नव्हती. चौऱ्याऐंशी. मामाजींची छाती जोरात वरखाली होत होती. सत्त्याऐंशी. मग नव्वद आलं आणि मी जमिनीवर बसले. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

भासरे प्लग धरूनच उकिडवे बसले होते. सॉकेट ढिलं होतं, हात काढला असता तर मशीन थांबली असती. ज्योतीताई माझ्याजवळ बसल्या, मनगटाने माझे डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, "रडू नको वं. मी तं किती दिवसापासून म्हणून राहिली यायले, जाऊन या, जाऊन या. भाऊजीनं मोठं मन केलं, तं आपण बी कराव ना."

"मोठं मन?"

"बिल!" त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून आमचं लाइटचं बिल भाऊजी भरून राहिले ना? मले नाई का समजत? मी भरायले गेली का मोबाइल म्हणते काहीच बाकी नाई. पहिले वाटलं गडबड हाय. मंग यायले म्हटलं, लोकेशभाऊजी हायेत. तोंडानं माफी मांगता येत नाई मेश्रामायच्या माणसायले, असं करते ते. मामाजी बी तसेच. सासूबाईसंग भांडले का बाजारातून मुकाट्यानं मच्छी आणून ठेवत."

भांडण असो, बाजार असो, मी कधी शब्दाला अडत नाही. पण काय सांगणार होते? की ताई, ते मोठं मन नव्हतं, चुकीचा नंबर होता? आणि तुमच्या बकायावर आम्ही हसत होतो? त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझी हिंमत झाली नाही. आणि त्याहून वाईट एक गोष्ट, ती पण सांगते. प्लगवर भासऱ्यांचा हात होता. मला त्या हाताची भीती वाटली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून मी म्हणाले, "हो ताई." पापाचा विचार होता, पण त्या क्षणी तो माझ्या डोक्यात होता.

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मशीनकडे पाहत राहिले.

बाहेर मोटारसायकल करकचून थांबली. लोकेश आत आला तो मिलचे जाड बूट घालूनच, तोंडावर काजळी, धापा टाकत. दारातच दयारामने त्याला सगळं सांगितलं असावं. तो आधी बापाजवळ गेला, क्लिप पाहिली. मग त्याला भिंतीवरून आलेली वायर दिसली, वायरीच्या टोकाशी दादा दिसला, आणि तो जागीच थांबला.

मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प रहा. पण नवऱ्यांना खुणा कळल्या असत्या तर जगातले अर्धे संसार सुखाचे झाले असते.

"माही चूक झाली," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे, बहुतेक बापाला. "नंबर चुकला. दिवाळीले म्या दादाच्या बिलावरचा नंबर टाकला. त्याचंच बिल भरत राहिलो अन् आपलं तसंच."

त्याने बाहीने तोंडावरची काजळी पुसली.

ज्योतीताईंचा हात माझ्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला. "म्हणजे चुकून?" त्या म्हणाल्या. नवऱ्याकडे वळल्या. "आयकलं का? चुकून भरलं त्यायनं."

"मले मालूम होतं," भासरे म्हणाले.

तीन वर्षांत त्यांचा आवाज मी या घरात ऐकला नव्हता. खर्जातला, मामाजींसारखाच.

"काय मालूम होतं?" लोकेश म्हणाला.

"पहिल्या महिन्यात वाटलं, तू मुद्दाम भरलं. ज्योती म्हणते तसंच. लय बरं वाटलं मले." ते प्लगकडे बघत बोलत होते. "मंग भिंतीवरून कागद पडला. उघडून पाह्यला तं नंबर तुहा. बकाया तुहा. तवा समजलं, याची चूक झाली. ज्योतीले नाई सांगितलं."

"दिवाळीपासून तुले माहीत होतं?"

"हव."

"हरेक कागद तुह्याकडं येत होता! नोटीस बी आली होती!"

"हव. आली होती."

"अन् तू गप बसला?" लोकेशचा आवाज फाटला. "बाप मशीनवर हाय हे माहीत नव्हतं तुले?"

"माहीत होतं. मशीनचा आवाज येते रात्रभर भिंतीतून. मी गाडीवर नसलो का तेच आयकत झोपतो."

"मंग काहून नाई सांगितलं?"

भासऱ्यांनी मोकळा हात जमिनीला टेकवला. मला वाटलं, आता उठतील, प्लग सोडतील आणि भिंतीवरून जसे आले तसे जातील.

"सांगायसाठी पहिले मले बोलावं लागलं असतं," ते म्हणाले.

लोकेशच्या मुठी वळल्या.

"कागद परत फेकाले दोनदा हात उचलला म्या," भासरे म्हणाले. "पण तुले चूक समजली असती तं तू माहं बिल भरणं बंद केलं असतं. चुकून का होईना, महिन्यातून एक डाव माह्या भावाचं माह्या घराशी काही होतं. नोटीस पाहून वाटलं, आपणच भरून टाकू. उद्या भरतो, उद्या भरतो, करत राहिलो."

मला संताप आला. सांगून टाकते, मला त्यांची कीव नाही आली, संतापच आला. एका माणसाला बोलायचं नव्हतं म्हणून दुसऱ्याचा जीव त्र्याऐंशीवर आला होता! आणि त्याच दमात माझं मन मला म्हणालं, तू काय केलंस, भवाने? तूही ओट्यावर बसून राहिलीसच की. मी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

लोकेश दोन पावलं पुढे गेला. त्याचा हात उठला होता, खरंच उठला होता. ज्योतीताई मध्ये पडायला उठल्या.

टण्ण!

मामाजींनी उशाशी ठेवलेला स्टीलचा ग्लास पलंगाच्या दांड्यावर आपटला होता. मोठ्याने बोलायला श्वास पुरत नाही म्हणून ते असं बोलावतात. आम्हाला वाटलं होतं ते ग्लानीत आहेत. ते टक्क जागे होते, आणि सगळं ऐकत होते.

"प्रल्हाद," ते म्हणाले.

"जी बाबा." भासऱ्यांनी उत्तर दिलं, पण मान मशीनकडेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा माणूस आल्यापासून वायरीकडे बघत होता, प्लगकडे, आकड्याकडे, जमिनीकडे. बापाच्या तोंडाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"आईचं तोंड..." मामाजी थांबले. आम्ही सगळे त्यांच्या श्वासासाठी थांबलो. "आईचं तोंड पाहू देल्लं नाई म्हणून रुसला तू."

भासऱ्यांनी प्लग आणखी घट्ट दाबला.

"माहं... हाय अजून." पुन्हा श्वास. "पाहून घे."

लोकेशचा हात खाली आला. तो पुढे होऊन भासऱ्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्यांचा हात बाजूला सारून प्लग त्याने स्वतः दाबून धरला. मशीन एकदा अडखळली आणि चालत राहिली.

भासरे मोकळ्या हाताने पलंगाची कड धरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी मान वर केली आणि बापाकडे पाहिलं. हिवाळ्याच्या आधी रस्त्यावर खुर्चीत बसलेला जो बाप त्यांनी पाहिला होता, तो हा नव्हताच. गाल आत गेलेले, हाडं वर आलेली, नळीने नाकाखाली लाल वळ उठलेला.

"बाबा," ते म्हणाले, "किती वाळले तुम्ही."